झडप बंद कोण करतं? इटालियन मोटरसायकलच्या नखऱ्यांमागचं यंत्र

इटालियन मोटरसायकलचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "काय दिसते हो!" दुसरं, "पण सांभाळायला महाकठीण." पहिल्याबद्दल वाद नाही. दुसरं मात्र अर्धवट आहे. लहरी माणूस कधी बिनसेल याचा नेम नसतो. या गाड्या कुठे आणि साधारण कधी बिनसणार हे आधीच सांगता येतं. कारण बहुतेक वेळा पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणा इंजिनिअरने कागदावर ओढलेल्या एका रेषेत असतं. ती रेष समजली की सर्व्हिसिंगचं बिलही समजतं. कमी होत नाही, एवढंच.

इटलीत मोटरसायकलींची घराणी पुष्कळ. पेझारोची बेनेल्ली, नोआलेची एप्रिलिया, वारेसेची एमव्ही ऑगुस्ता, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या ब्रेगान्झेच्या कुटुंबातून आलेली लाव्हेर्दा. सगळ्यांना एका लेखात कोंबलं तर कुणाचंच नीट सांगून होणार नाही, म्हणून दोघींवरच बोलतो: बोलोन्याजवळच्या बोर्गो पानिगालेची डुकाटी आणि कोमो तलावाकाठच्या मांदेल्लो देल लारिओची मोटो गुझ्झी. दोघींना नाव मिळवून देणाऱ्या इंजिनांचा सांगाडा एकच आहे, दोन सिलिंडर आणि त्यांच्यात ९० अंशांचा कोन. तरी स्वभाव दोन टोकांचे, कारण तो सांगाडा गाडीत बसवताना दोघींनी तोंडं वेगवेगळ्या दिशांना केली.

दोन बोटांचा व्ही करून बघा. एक बोट पुढच्या चाकाकडे आणि एक मागे येईल असा हात धरा, आणि पुढचं बोट जवळजवळ जमिनीला समांतर होईपर्यंत मनगट झुकवा. ही झाली डुकाटी. पुढचा सिलिंडर असा आडवा पडलेला असल्यामुळे डुकाटीवाले त्याला व्ही न म्हणता एल म्हणतात. आता हात फिरवून एक बोट डावीकडे आणि एक उजवीकडे करा. ही गुझ्झी.

नव्वदच अंश का? एक पिस्टन टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तेव्हा दुसरा मधल्या टप्प्यात सुसाट असतो. पिस्टनांच्या वर-खाली धावेतून फिरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, योग्य वजन लावलं की दोघांचे मुख्य धक्के एकमेकांत जिरतात. थरथर मारायला वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागत नाही.

गुझ्झीत क्रँक गाडीच्या लांबीत बसतो, मोटारीसारखा. त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स, आणि तिथून थेट मागच्या चाकापर्यंत शाफ्ट. चेन नाही, म्हणजे चेनला तेल देणं, ताण बघणं, स्प्रॉकेट बदलणं, काहीच नाही. दोन्ही हेड बाहेर वाऱ्यात, दोघांना सारखी हवा. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. उभ्या गाडीला ॲक्सिलरेटर पिळला की ती उजवीकडे हिसका देते. क्रँक एका दिशेला जोरात फिरला की बाकीची गाडी उलट दिशेला वळू बघते, त्याचा हा हिसका. नवख्याला वाटतं काहीतरी तुटलं. चालत्या गाडीत तो जाणवतही नाही. दुसरी किंमत क्लचची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध दडलेली क्लच प्लेट बदलायची तर गाडी मधून दुभंगावी लागते. जुन्या मॉडेलांत मेकॅनिक इंजिन खाली टेकवून फ्रेमच वर उचलून काढतात. प्लेट स्वस्त, मजुरी मोठी.

डुकाटीत क्रँक आडवा, म्हणून चेन सरळ मागे जाते आणि गाडी बारीक राहते. वळणावर कितीही झोपवा, सिलिंडर घासायची भीती नाही. पण मागचा सिलिंडर येतो नेमका सीटखाली. वेगात असताना ठीक. शहरात मुंगीच्या पावलाने चालताना मांड्या भाजतात. चार सिलिंडरच्या मल्टिस्ट्राडा व्ही-फोर या मॉडेलात यावर उपाय असा केला आहे की गाडी उभी असताना इंजिन तापलेलं असेल तर मागचे सिलिंडर आपोआप झोपी जातात. जुन्या गाडीत उपाय एकच, गर्दीची वेळ टाळणं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ, झडपांकडे. मेकॅनिक व्हॉल्व्ह म्हणतात, आपणही तसंच म्हणू. व्हॉल्व्ह म्हणजे लांब देठाची, चपट्या डोक्याची अळंबी. ती खाली ढकलली की वाट उघडते आणि पेट्रोल-हवा आत येते किंवा धूर बाहेर जातो. ढकलण्याचं काम कॅमचं, म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेल्या फिरत्या चकतीचं. परत वर आणून वाट बंद करायचं काम बहुतेक इंजिनांत स्प्रिंगचं. आपोआप बंद होणाऱ्या दाराला असते तशीच.

इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. स्प्रिंगला स्वतःचाही एक ताल असतो. वेग फार वाढला की स्प्रिंग त्या तालात थरथरू लागते आणि दार वेळेवर मिटत नाही. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा तरंगत असताना खालून पिस्टन वर आला तर दोघांची टक्कर, आणि इंजिनाचा चुराडा. १९५० च्या दशकात स्प्रिंगचं पोलादही आजच्याइतकं भरवशाचं नव्हतं. रेसिंगच्या गाड्यांत स्प्रिंग तुटणं नित्याचं होतं.

फाबिओ ताल्योनी १९५४ साली डुकाटीत आला. त्याचा विचार साधा होता: दार बंद करायला स्प्रिंगवर विसंबायचंच कशाला? उघडायला एक कॅम आणि त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा रॉकर आहे, तसा बंद करायलाही दुसरा ठेवू. दाराच्या एका बाजूला ढकलणारा माणूस, दुसऱ्या बाजूला ओढणारा. दार मध्येच लोंबकळायचा प्रश्नच नाही. याला डेस्मोड्रोमिक म्हणतात, थोडक्यात डेस्मो. ग्रीकमध्ये डेस्मोस म्हणजे बंधन आणि ड्रोमोस म्हणजे धाव. कल्पना ताल्योनीच्या आधीपासूनची होती. मर्सिडीजच्या १९५४ च्या ग्रां प्री मोटारीत ती होतीच. पण त्याने ती १२५ सीसीच्या चिमुकल्या इंजिनात उतरवली, आणि १९५६ मध्ये स्वीडनमधल्या हेडेमोराला ती गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकली. १९६८ च्या मार्क थ्री डेस्मोपासून ही करामत सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत आली, आणि तिच्यासोबत तिचं बिलही.

बिल असं वाढतं. धातू तापला की फुगतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. आपण तिलाच टॅपेट सेटिंग म्हणतो. स्प्रिंगवाल्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हला एक फट. डेस्मोत दोन, एक उघडणाऱ्या बाजूची आणि एक बंद करणाऱ्या बाजूची. दोन सिलिंडर, प्रत्येकी दोन व्हॉल्व्ह, म्हणजे आठ मापं. प्रत्येकी चार व्हॉल्व्ह असतील तर सोळा. पानिगाले नावाच्या चार सिलिंडरच्या डुकाटीत बत्तीस. उघडणारी फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, बंद करणारी त्याहूनही कमी, काही शतांश मिलिमीटर. डोक्यावरचा केस साधारण सात शतांश जाड असतो, यावरून अंदाज करा.

आणि इथे स्क्रू पिळून फट बसत नाही. व्हॉल्व्हच्या देठावर टोपीसारखी बारीक चकती असते, शिम. माप चुकलं की ती काढून दुसऱ्या जाडीची घालायची. बंद करणाऱ्या बाजूची शिम देठावर जागच्या जागी राहते ती तारेच्या दोन अर्ध्या कड्यांच्या आधारावर. ही अर्धकडी नखाच्या कडेएवढी असते. जाणता मेकॅनिक आधी हेडमधल्या तेल उतरायच्या भोकांत स्वच्छ कापड कोंबतो, मग बोटाला ग्रीस लावून कडी त्यावर चिकटवून उचलतो. कापड विसरला आणि कडी निसटली, तर ती थेट इंजिनाच्या पोटात. मग ती शोधण्यातच दिवस जातो. या कड्या नव्या असताना थोड्या दबतात आणि बंद बाजूची फट वाढते, म्हणून नव्या किंवा नुकत्याच उघडलेल्या इंजिनाची पहिली तपासणी टाळू नये. पुढे त्या एकदा बसल्या की मापं फारशी हलत नाहीत. डेस्मो सर्व्हिस म्हणजे पैसे लुबाडणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ती शेजारी उभं राहून बघावी. पार्ट फार लागत नाहीत. पैसे जातात ते तासांचे.

जुन्या दोन-व्हॉल्व्ह डुकाटीला ही तपासणी दर १०,००० किलोमीटरच्या आसपास लागे. पुढच्या टेस्टास्ट्रेट्टा इंजिनांत ती २४,००० आणि नंतर ३०,००० वर गेली. २०२० मध्ये मल्टिस्ट्राडासाठी ग्रानतुरिस्मो नावाचं व्ही-फोर इंजिन आलं तेव्हा डुकाटीने त्यात चक्क डेस्मो सोडून स्प्रिंगा लावल्या, आणि तपासणी ६०,००० किलोमीटरवर नेली. निष्ठावंतांनी कपाळावर हात मारला. मला विचाराल तर लांब पल्ल्याच्या गाडीसाठी हाच शहाणपणा आहे. स्प्रिंगचं पोलाद आता सुधारलं आहे, आणि सामान लादून घाट चढणाऱ्याला १३,००० फेऱ्यांवर व्हॉल्व्ह तरंगायची चिंता नसते.

बेल्टचा मुद्दा छोटा आहे, पण जुनी गाडी घेताना फसवणूक इथेच होते. १९७० च्या दशकातल्या मोठ्या डुकाट्यांत कॅम फिरवायला शाफ्ट आणि तिरकस दात्यांची चक्रं होती. दिसायला देखणी, पण हाताने शिम लावून जुळवावी लागत. १९७९ च्या पांताहपासून रबरी दातेरी बेल्ट आले. स्वस्त, शांत, बदलायला सोपे. पण रबर नुसते किलोमीटर मोजत नाही, वर्षंही मोजतं. त्या काळी दोन वर्षांनी किंवा २०,००० किलोमीटरवर बेल्ट बदलायचा रिवाज होता. अलीकडच्या मॉडेलांत मुदत पाच वर्षांपर्यंत गेली आहे. म्हणजे "दहा वर्षांत फक्त चार हजार चाललीये, नव्यासारखी आहे" असं विकणारा सांगत असेल, तर पहिला प्रश्न हा: बेल्ट कधी बदलले? पावती दाखवा. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला तर कॅम थांबतो, पिस्टन थांबत नाही. पुढचं वर सांगितलंच आहे.

गुझ्झीचे टॅपेट याच्या अगदी उलट. हेड बाहेर डावी-उजवीकडे आलेली, म्हणून शेजारी स्टूल टाकून बसलं की सगळं समोर. रात्रभर थंड झालेलं इंजिन हवं. प्लग काढायचे, हेडवरचं झाकण खोलायचं, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवायचं. प्लगच्या भोकात घातलेली प्लास्टिकची नळी वर येत येत थांबली की पिस्टन टोकाला पोहोचला. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे. दोन्हींत किंचित खुळखुळ असेल तर जागा बरोबर आहे, नसेल तर इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवायचं. मग फिलर गेज, म्हणजे फट मापायच्या पातळ पत्त्या. बऱ्याच मॉडेलांत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१५ आणि बाहेर सोडणाऱ्याला ०.२० मिलिमीटर, तरी आपल्या पुस्तकात बघून घ्यावं. पत्ती ओढताना ती वहीच्या दोन पानांत अडकलेल्या कागदासारखी सरकली पाहिजे. सैल नको, खेचून काढावी लागेल अशीही नको. गंमत पुढे आहे. माप जुळवून नट आवळला की स्क्रू त्याच्यासोबत जरासा फिरतो आणि फट बदलते. म्हणून आवळल्यावर पुन्हा मापायचं. पहिल्यांदा मी हा खेळ एकेका व्हॉल्व्हला पाच-सहा वेळा खेळलो आणि अख्खी सकाळ गेली. आता तासाभरात उरकतं. व्हॉल्व्ह कसे वागतात ते पुस्तकं वाचून कळलं नव्हतं तितकं त्या सकाळी कळलं.

गुझ्झीत सगळं आलबेल असतं असं मात्र नाही. २००७ नंतरच्या आठ-व्हॉल्व्हच्या बाराशे सीसी इंजिनांत, म्हणजे त्या काळच्या ग्रिसो, स्टेल्व्हिओ, नॉर्जे यांच्यात, कॅमवर घासणारे सपाट तुकडे (त्यांनाही टॅपेटच म्हणतात) झिजायचे. २०१२ च्या सुमारास त्यांच्या जागी रोलरवाले आले. जुनी घेत असाल तर रोलर बसवले आहेत का, हा एकच प्रश्न विचारला तरी बरंच काही कळतं. आणि चार-व्हॉल्व्हच्या जुन्या डुकाटीत रॉकरवरचा क्रोमचा मुलामा सोलवटतो. तो आहे की गेला, हे झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही.

इलेक्ट्रिकचं रडगाणं मात्र दोघींचं सारखंच, आणि रस्त्यावर अडवणारं बहुधा तेच. माझ्या एका गाडीने (नाव सांगत नाही) ऐन फेरीबोटीच्या रांगेत बटण दाबल्यावर फक्त "टक्" केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा "टक्". मागून हॉर्न. बॅटरी ठणठणीत होती. नंतर समजलं की स्टार्टरला जागं करणारा करंट चावीच्या स्विचमधून, तिथल्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमधून, लांबचा वळसा घेऊन जात होता. वाटेतच व्होल्टेज गळायचं. बॅटरीपासून थेट वायर आणि मध्ये एक रिले लावला, दुखणं कायमचं गेलं. दुसरी जागा म्हणजे ऑल्टरनेटरकडून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या वायरींचा प्लास्टिकचा जोड. तो तपकिरी पडला असेल तर आत कॉन्टॅक्ट सैल आहे आणि तापतोय. लांबच्या प्रवासाआधी एवढे दोन जोड आणि बॅटरीची अर्थ वायर उघडून घासली, तरी निम्म्याहून जास्त चिंता मिटते. जमलं तर छोटा व्होल्टमीटर हँडलवर लावा; गाडी धावताना आकडा साडेतेराच्या खाली रेंगाळू लागला की गाडी बंद पडायच्या आधीच खबर मिळते.

काही मॉडेलांची पेट्रोल टाकी प्लास्टिकची असते. पेट्रोलमधल्या इथेनॉलने ती फुगते आणि एके दिवशी बोल्ट भोकात बसेनासा होतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवणं बरं.

पार्टचं म्हणाल तर ब्रेक ब्रेम्बोचे, जुने कार्ब्युरेटर डेल'ऑर्टोचे, त्यांचं सामान जगभर मिळतं. अडतं ते फक्त त्याच मॉडेलला लागणारं, आणि अडलं तर शक्यतो ऑगस्टात अडू देऊ नका. १५ ऑगस्टचा फेर्रागोस्तो आणि त्याच्या मागचे-पुढचे आठवडे इटलीत सुट्टीचे. कारखाने बंद, गोदामं बंद, वर्कशॉपच्या दारावर चिठ्ठी.

हेच इटलीत गाडी घेऊन फिरायला जाणाऱ्यांनाही लागू. पण जायचं तर जावंच. मांदेल्लोला १९२१ पासून गुझ्झी त्याच जागेवर आहे. तिथल्या संग्रहालयात पाचशे सीसीत आठ सिलिंडर बसवलेली १९५० च्या दशकातली रेसिंगची गाडी बघितली की या लोकांना सोपं काही का सुचत नाही, असा प्रश्न पडतो. १९२८ मध्ये कार्लो गुझ्झीचा भाऊ जुझेप्पे मागच्या सस्पेन्शनची नवी गाडी घेऊन इथून थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे निघाला होता. मागच्या चाकाला स्प्रिंग असली की गाडी डगमगते असं तेव्हा लोक म्हणत. त्यांची तोंडं बंद करायला हा प्रवास. नॉर्जे हे नाव त्यातूनच आलं.

बोलोन्याहून फ्लोरेन्सला मोटारवे सोडून जुन्या फूता रस्त्याने जा. आधी ९६८ मीटरवरची रातिकोझा खिंड लागते, मग ९०३ मीटरवरची फूता. उंची मामुली, वळणं भरगच्च. डुकाटी सपाट महामार्गावर अवघडल्यासारखी का वाटते आणि इथे मोकळी का होते, ते पहिल्या पाच किलोमीटरमध्ये कळतं. शहरात शिरताना झेड-टी-एल अशी पाटी दिसली तर थांबून वाचा. तो मर्यादित वाहतुकीचा भाग असतो आणि कॅमेरा नंबर टिपतो. कुठे मोटरसायकलला सूट असते, कुठे नसते. पंपावर "सेर्व्हितो" लिहिलेल्या ओळीत माणूस पेट्रोल भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो; "फाइ दा ते" म्हणजे स्वतः भरा.

आणि स्टेल्व्हिओ. १८२० ते १८२५ मध्ये कार्लो दोनेगानीने बांधलेला घाट, माथा २,७५७ मीटरवर, प्रातोच्या बाजूने आकडे घातलेली ४८ वळणं. हिवाळ्यात बंद असतो, साधारण मे अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो. तिथे जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी घेऊन गेलात तर वर वर जाताना ती जड होत जाईल, ॲक्सिलरेटरला उशिरा उत्तर देईल, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येईल. घाबरू नका, आणि माथ्यावर उभं राहून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे जेट बदलायला तर मुळीच बसू नका. हवा तिथे जवळपास पाव भागाने विरळ आहे. कार्ब्युरेटर मात्र खालच्याच हिशोबाने पेट्रोल ओततोय. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाका, मागचा ब्रेक सतत दाबून तापवू नका, त्या दोन मोठ्या पिस्टनांनाच गाडी धरून ठेवू द्या. बोर्मिओ जवळ येईपर्यंत पेट्रोलचा वास गेलेला असतो, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढू लागलेली असते.